काचेवर चांदीचं जंतुरोधक कोटिंग: बीकरपासून पेट्री प्लेटपर्यंत

२०२०च्या पावसाळ्यात एक माणूस आमच्या सोसायटीच्या लिफ्टची बटणं फवारून गेला आणि आरशाखाली गोल स्टिकर चिकटवून गेला: 'नॅनो सिल्व्हर कोटेड, ९९.९ टक्के जंतुमुक्त, ९० दिवस'. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवतो हे कमिटीला ठाऊक होतं, त्यामुळे सर्टिफिकेट वाचायचं काम माझ्याकडे आलं. चाचणी खरी होती, आकड्यांतही खोट नव्हती. पण ती झाली होती पावडर कोटिंग केलेल्या पत्र्यावर, आणि आमची बटणं प्लास्टिकची. कोटिंग वेगळं, पृष्ठभाग वेगळा. जुळत होतं ते फक्त 'नॅनो'.

त्यानंतर दरवर्षी एमएस्सीच्या दोन-तीन मुलांना मी हाच प्रकल्प देतो. काचेवर कायटोसान (कवचापासून मिळणारा, पडदा बनवणारा पदार्थ) आणि चांदीच्या नॅनोकणांचा पातळ थर चढवायचा, तो जिवाणू मारतो का बघायचं, आणि पुसल्यावरही मारतो का ते बघायचं. थर चढवायला तीन दिवस पुरतात. तो काम करतो हे दाखवायला महिना जातो, आणि निम्म्या मुलांचे पहिले 'उत्तम' निकाल त्या महिन्यात गळून पडतात. म्हणून खाली कृतीइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

हे घरी करायचं काम नाही. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, फ्यूम हूड आणि जिवाणू हाताळायची सवय असलेली प्रयोगशाळा लागते.

चांदीच का?

पर्याय बरेच आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड सगळ्यांत प्रसिद्ध. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी प्रकाश आणि टायटॅनियम डायऑक्साइड वापरून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून ही वाट सुरू झाली. पण त्याच्या अ‍ॅनाटेज रूपाला जागं व्हायला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली तो जवळपास झोपूनच असतो. खिडकीच्या बाहेरच्या काचेला तो शोभतो, लिफ्टच्या बटणाला नाही. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे आणि अंधारातही थोडंफार काम करतं, पण आम्लात विरघळतं. आपल्याकडे बाथरूमच्या फरशीवर ॲसिड ओतायची पद्धत आहे, तिथे ते एका धुण्यात जाईल. तांब्याचा दावा भक्कम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली. पण तिथे अख्खा धातूच काम करतो, थर चढवायचा प्रश्न येत नाही.

आणखी एक प्रकार मला फार आवडतो, पण आपल्या आवाक्यातला नाही. ऑस्ट्रेलियात सिकाडा नावाच्या एका कीटकाच्या पंखांवर २०० नॅनोमीटरच्या आसपास उंचीचे खांब सापडले. त्यांवर बसलेला जिवाणू ताणून फाटतो, रसायनाची गरजच नाही. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. वर्गात दाखवायला उत्तम.

चांदीची बाजू अशी की तिचे आयन जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरतात, आवरण बिघडवतात आणि श्वसनाची साखळी तोडतात. नॅनोकण म्हणजे त्या आयनांची पिशवी. ओल मिळाली की थोडे थोडे आयन सुटत राहतात. महाराष्ट्राला हे नवं नाही. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला 'टाटा स्वच्छ' हा पाण्याचा फिल्टर २००९ साली बाजारात आला, आणि राखेच्या फिल्टरचं मूळ संशोधन पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात झालं होतं.

कायटोसान कशाला, तर तो कोळंबीच्या कवचापासून मिळतो, पातळ आम्लात विरघळतो, वाळला की पारदर्शक पडदा होतो, आणि मुख्य म्हणजे चांदीच्या आयनांना स्वतःच कणांमध्ये बदलतो. वेगळं क्षपणकारक रसायन घालावं लागत नाही. मात्र हा चांगुलपणा पुढे तपासणीत डोक्याला ताप होतो.

पहिला दिवस: काच

काचवाल्याकडून ५ बाय ५ सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या, कडा घासून द्यायला सांगा. ६० मागा. एका जिवाणूच्या एका फेरीला १२ लागतात आणि फेऱ्या बऱ्याच होतात.

भांड्यांच्या साबणाने धुवा, नळाच्या पाण्याने खळबळा, मग कोमट २ टक्के कॉस्टिक सोड्यात अर्धा तास ठेवा. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय नाही. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं जालीम मिश्रण वापरायची कृती अनेक शोधनिबंधांत असते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत ते नकोच. एका थेंब अ‍ॅसिटोनने भडका उडू शकतो.

काच स्वच्छ झाली का, हे पाणी सांगतं. तुकडा उभा धरून पाणी सोडा. सलग पातळ पडदा उतरला तर ठीक. कुठे थेंब गोळा झाले तर तिथे अजून तेलकटपणा आहे, परत धुवा. ही पायरी उरकायची घाई असते. पण तिथे बोटाचा ठसा राहिला, की चौथ्या दिवशी थर तिथूनच सुटतो.

आता काचेला हात द्यायचा, म्हणजे कायटोसानला धरून ठेवणारा मधला थर. ९५ टक्के इथेनॉलमध्ये अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब टाकून पीएच ५च्या आसपास आणा, त्यात २ टक्के ग्लिसिडॉक्सी सिलेन घाला, पाच मिनिटं ढवळा. काच दोन मिनिटं बुडवा, इथेनॉलने धुवा, ११० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. काच आत जाण्याआधी हूडमध्ये पूर्ण निथळू द्या. इथेनॉलने ओली काच गरम ओव्हनमध्ये गेली तर वाफ पेट घेऊ शकते. सिलेनचं एक टोक काचेला बांधलं जातं, दुसरं टोक कायटोसानच्या अमाइनला.

पहिल्या वर्षी आम्ही हा मधला थर दिला नव्हता. वाळलेला पडदा पुढच्या पायरीत कॉस्टिकमध्ये बुडवला आणि डोळ्यांदेखत सुटून वर आला, उडदाच्या पापडासारखा. मुलं हिरमुसली. मी मात्र मनात खूश होतो, कारण काच आणि थर यांचं नातं फळ्यावर कितीही समजावलं तरी असं समजत नाही. बऱ्याच कृतींत सिलेननंतर ग्लुटारअल्डिहाइड वापरतात. तेही धरून ठेवतं, पण ते स्वतः कडक जंतुनाशक आहे. कोटिंगमध्ये एक रसायन वाढवलं की तपासणीत एक संशयित वाढतो.

दुसरा दिवस: द्रावण

कायटोसान आदल्या संध्याकाळीच लावा: १९८ मिली डिस्टिल्ड पाण्यात २ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही. त्यात २ ग्रॅम कायटोसान भुरभुरत सोडा, एकदम टाकलं तर गुठळ्या होतात. मॅग्नेटिक स्टिररवर रात्रभर फिरू द्या. सकाळी पातळ काकवीसारखं, किंचित पिवळसर द्रावण मिळतं. मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा. न विरघळलेल्या कवचाचे तुकडे कापडावर दिसतात.

दुसऱ्या बाटलीत ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, म्हणजे १० मिलिमोलर झालं. पाणी खरंच डिस्टिल्ड आहे का हे याच क्षणी कळतं: द्रावण दुधाळ झालं तर पाण्यात क्लोराइड आहे आणि तुमची चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते आहे. बाटली तपकिरी हवी, किंवा फॉइलमध्ये गुंडाळलेली. हातमोजे घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोटांवर काळे डाग येतात आणि आठवडाभर जात नाहीत.

९० मिली कायटोसान घ्या. ढवळत ढवळत १० मिली सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने घाला. झाकण ठेवून वॉटर बाथमध्ये ९५ अंशांवर १० ते १२ तास. सकाळी आठला चढवलं तर संध्याकाळपर्यंत होतं. पाणी उडून जातं, म्हणून बीकरवर सुरुवातीची पातळी मार्करने आखून ठेवा आणि गरम डिस्टिल्ड पाण्याने भरत राहा.

रंग बघत राहा. आधी काहीच नाही, मग लिंबाच्या सरबतासारखा फिका पिवळा, मग गडद पिवळा, शेवटी मधासारखा तपकिरी. हा रंग चांदीच्या नॅनोकणांवरच्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक डोलण्याचा आहे. दहा पट पातळ करून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये बघितलं तर ४१० ते ४३० नॅनोमीटरच्या दरम्यान एक उंचवटा दिसला पाहिजे. तो ५००च्या पुढे पसरला असेल तर कण एकत्र गोळा झाले. करडी झाक आली तर तो घाणा टाकून द्या. कणांचा खरा आकार बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आयआयटी मुंबईच्या 'सैफ'सारख्या सामायिक केंद्रांत नमुना पाठवता येतो. रांग असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका.

त्याच दिवशी दुसऱ्या बीकरमध्ये ९० मिली कायटोसान आणि १० मिली नुसतं डिस्टिल्ड पाणी घेऊन तेही तितकाच वेळ तापवा. यात चांदी नाही. का, ते पुढे.

तिसरा दिवस: थर

ओव्हनचा कप्पा पाणसळ लावून सपाट करा. कप्पा एका बाजूला कलला की थर एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला नुसता नावाला. प्रत्येक काचेवर पिपेटने २ मिली द्रावण टाकून कडेपर्यंत पसरवा. ४० अंशांवर, अंधारात, रात्रभर.

किती चांदी बसली? २ मिलीत सुमारे ०.२२ मिलिग्रॅम, २५ चौरस सेंटिमीटरवर पसरली म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८.६ मायक्रोग्रॅम. कायटोसान १८ मिलिग्रॅम, त्याची जाडी साधारण ५ मायक्रॉन. हे आकडे वहीत पहिल्या पानावर लिहा. 'नॅनो सिल्व्हर कोटिंग' म्हणणाऱ्या दहापैकी नऊ जणांना चौरस सेंटिमीटरला किती चांदी हे सांगता येत नाही. आणि तेवढं माहीत नसेल तर पुढची कुठलीच तुलना करता येत नाही.

थरात अजून अ‍ॅसेटिक आम्ल आहे. आता काचा २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दहा मिनिटं बुडवा, म्हणजे आम्ल मरतं आणि कायटोसान पाण्यात न विरघळणारा होतो. मग डिस्टिल्ड पाण्याच्या ताज्या ताटलीत पुन्हा पुन्हा, पाण्याचा पीएच ७वर स्थिर होईपर्यंत. आम्हाला सात-आठ पाणी लागतात.

कंटाळवाणं काम आहे. पण इथे घाई केली तर निकाल दिमाखदार येतात आणि खोटे असतात. कायटोसानच्या अमाइन गटांवर आम्लात धन विद्युतभार येतो आणि तो भार जिवाणूचं आवरण फाडतो. साधारण पीएच ६.५च्या वर तो भार उतरतो. त्यामुळे आम्ल उरलेला थर चांदीशिवायसुद्धा जिवाणू साफ करतो. कॉस्टिक उरलं तर तेही मारतं. दोन्ही वेळा श्रेय जातं चांदीला.

चिकटपणा

धारदार ब्लेडने थरावर एक-एक मिलिमीटर अंतरावर ११ उभ्या आणि ११ आडव्या रेघा मारा. १०० चौकोनांची जाळी होईल. चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढा आणि किती चौकोन निघाले ते मोजा. रंगांच्या कारखान्यांत हीच चाचणी ५बी ते ०बी अशी मोजतात. ५बी म्हणजे एकही चौकोन हलला नाही, ०बी म्हणजे ६५ टक्क्यांहून जास्त गेला. सिलेनविना आमचा थर ०बी होता.

जिवाणूंची चाचणी

मुलं पहिल्यांदा करतात ती आगर प्लेटवरची वर्तुळाची चाचणी. कोटिंगचा तुकडा जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवायचा आणि भोवती किती रुंद मोकळं वर्तुळ येतं ते मोजायचं. फोटो छान येतो. पण ते वर्तुळ काय सांगतं? कोटिंगमधून चांदी बाहेर झिरपते आहे, एवढंच. घट्ट बसलेल्या कोटिंगला वर्तुळ येणारच नाही, तरी त्याला स्पर्श करणारा जिवाणू मरेल. आणि फार मोठं वर्तुळ म्हणजे माल भराभर वाहून जातो आहे. परीक्षकांना हे दाखवलं तर ते माना डोलावतात. माझ्या मते प्रबंधातल्या निष्कर्षासाठी ही चाचणी वापरूच नये.

कोटिंगला साजेशी चाचणी म्हणजे आयएसओ २२१९६ हे आंतरराष्ट्रीय मानक. तिचं मूळ जपानच्या जिस झेड २८०१ मानकात आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय हे दोन जिवाणू लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून किंवा चंदिगडच्या एमटीसीसीतून नोंदलेले स्ट्रेन मागवा. रुग्णालयातून आणलेला नमुना वापरू नका. उद्या कुणाला तुमचा प्रयोग परत करायचा असेल तर त्याने तो जिवाणू कुठून आणायचा?

पृष्ठभाग तीन प्रकारचे ठेवा. साधी काच, मधला थर आणि कायटोसान दिलेली पण चांदी नसलेली काच, आणि चांदीची काच. साध्या काचेचे सहा तुकडे, कारण तीन लगेच मोजायचे आणि तीन २४ तासांनी. बाकीच्यांचे तीन-तीन. झाले बारा.

एका रात्रीची ताजी वाढ घेऊन ५०० पट पातळ केलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये मिसळा. मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापावर ०.५ म्हणजे मिलीत सुमारे १५ कोटी पेशी. तो २५० पट पातळ केला की मिलीला ६ लाख. प्लेट लावून खात्री करा, गढूळपणावर विसंबू नका. या द्रवाचा ०.४ मिली काचेच्या मध्यावर टाका, वर ४ बाय ४ सेंटिमीटरचा निर्जंतुक पॉलिथिनचा चौकोन ठेवा आणि हलकं दाबा, द्रव कडेबाहेर येऊ देऊ नका. आता १६ चौरस सेंटिमीटरवर २ लाख ४० हजार पेशी आहेत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १५ हजार. झाकलेल्या पेट्री प्लेटमध्ये, ओल्या कापसाच्या सोबतीने, ३५ अंशांवर २४ तास. आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर हवी. पॉलिथिनखालचा द्रव वाळला तर ती काच बाद.

दुसऱ्या दिवशी काच आणि पॉलिथिन दोन्ही निर्जंतुक पिशवीत घ्या, १० मिली न्यूट्रलायझर घाला, बाहेरून चोळा, आणि त्यातून प्लेट लावा.

न्यूट्रलायझर कुठला, याला मी एक अख्खा तास देतो. काचेवरून सुटलेली चांदी पिशवीतल्या द्रवातही असते. तिला तिथल्या तिथे थोपवलं नाही तर ती टेस्टट्यूबमध्ये, पिपेटमध्ये आणि प्लेटवरही जिवाणू मारत राहते. मोजणी शून्य येते आणि आपण म्हणतो कोटिंग जबरदस्त. मानकातल्या नेहमीच्या सोयाबीन-केसीन-लेसिथिन-पॉलिसॉर्बेट ब्रॉथपेक्षा चांदीसाठी सोडियम थायोसल्फेट आणि थायोग्लायकोलेट असलेला डे-एंगली ब्रॉथ मी पसंत करतो. त्यातलं गंधक चांदीला धरून बसतं. पण तेवढ्यावर थांबू नका. चांदीची कोरी काच या ब्रॉथमध्ये ठेवा, त्यात हजारभर पेशी टाका, दहा मिनिटांनी मोजा. साध्या काचेइतक्याच मिळाल्या तर न्यूट्रलायझर काम करतो. ही खात्री न करता आलेला निकाल मी तपासायलाही घेत नाही.

आकडेमोड

३० ते ३०० कॉलनी आलेल्या प्लेट मोजा. चौरस सेंटिमीटरमागे जिवंत जिवाणू = कॉलनी × पातळ केल्याची पट × १०, भागिले १६. न पातळ केलेल्या प्लेटवर ३२ कॉलनी आल्या तर २०. मग दहाच्या पायाचा लॉग घ्या. साध्या काचेवरच्या २४ तासांनंतरच्या तिघांच्या लॉगच्या सरासरीतून चांदीच्या काचेची सरासरी वजा करा. हाच आर. जपानी मानकात २ आणि त्याहून जास्त असला तर पृष्ठभाग जंतुरोधक मानतात. २ म्हणजे ९९ टक्के कमी, ३ म्हणजे ९९.९.

एकही कॉलनी आली नाही तर शून्य लिहू नका. शून्याचा लॉग नसतो, आणि तुम्ही पिशवीतल्या १० मिलीपैकी १ मिलीच बघितला आहे. 'चौरस सेंटिमीटरला ०.६३ पेक्षा कमी' असं लिहा.

समजा साधी काच ५.१, नुसता कायटोसान ४.३, चांदी १.६. (हे आकडे समजावण्यापुरते.) आर ३.५ आला. पण त्यातला ०.८ कायटोसानचा आहे, चांदीच्या वाट्याला २.७. दुसऱ्या बीकरला चांदी घातली नव्हती ती यासाठी. मधली काच वगळून ३.५ छापणारे निबंध मी किती वाचले असतील! आणि कायटोसानची काच चांदीइतकीच मारते आहे असं दिसलं तर कायटोसानवर खूश होऊ नका. परत जा आणि धुण्याच्या पाण्याचा पीएच बघा.

पुसल्यानंतर

नव्या कोऱ्या कोटिंगचा आर ही शोरूममधली गाडी. आता ओलं सुती फडकं अर्ध्या किलोच्या वजनाला गुंडाळा आणि काचेवरून १०० वेळा फिरवा. अर्ध्या काचांना साधं पाणी, उरलेल्यांना ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. परत तीच चाचणी, दोन्ही प्रकारांना बारा-बारा काचांनिशी. साध्या आणि कायटोसानच्या काचाही तशाच पुसलेल्या हव्यात.

पाण्याने पुसलेल्या काचा आमच्याकडे बऱ्यापैकी तग धरतात. हायपोक्लोराइटच्या काचांचा पिवळा रंग उडतो, कारण चांदीचं सिल्व्हर क्लोराइड होतं आणि कायटोसानच्या साखळ्याही तुटतात. म्हणजे ज्या दवाखान्यात रोज ब्लीचने पुसतात तिथे हे कोटिंग द्यायचं असेल तर एकतर फिनायल-ब्लीचचं वेळापत्रक बदलायला हवं, नाहीतर कोटिंग. वेळापत्रक बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लीचने मरणारा जंतू तिथल्या तिथे मरतो, कोटिंगवरचा काही तासांनी, आणि तोही ओल असेल तर.

ही ओलीची गोष्ट पुन्हा सांगतो. चाचणीत जिवाणू २४ तास पॉलिथिनखाली ओले असतात. दाराच्या कडीवर हाताचा ओलावा काही मिनिटांत सुकतो. चांदीचे आयन पाण्याशिवाय हलत नाहीत. त्यामुळे मुंबईच्या जुलैत थोडंफार चालेल ते कोटिंग नागपूरच्या मे महिन्यात जवळपास नुसता रंग असू शकतं. आर्द्रता ५० टक्क्यांवर ठेवून, पॉलिथिन न झाकता, थेंब सुकू देऊन एक फेरी जरूर करा. आर घसरेल. तो घसरलेला आकडा प्रबंधात पहिल्या तक्त्यात द्या, परिशिष्टात नको. बोटाच्या तेलाचा पातळ थर चढवून आणखी एक फेरी करता आली तर फारच उत्तम. चांदी तेलाखाली आणि जिवाणू तेलावर, त्यामुळे दोघांची गाठ पडतच नाही.

चांदीला जिवाणू सरावत नाहीत असं विक्रेते बेधडक सांगतात. १९७५ साली बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला नोंदला गेला, आणि पुढे त्याच्यातल्या प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) प्रतिकाराची जनुकंही सापडली. म्हणून गरज नसलेल्या जागी, मोबाइलच्या कव्हरवर आणि मोज्यांत, चांदी भरायच्या मी विरोधात आहे.

दुसऱ्याचं सर्टिफिकेट वाचताना

सोसायटी, शाळा किंवा दवाखान्यासाठी कुणी कोटिंग विकायला आलं तर कागदावर आधी पृष्ठभाग शोधा: चाचणी काचेवर, स्टीलवर, की तुमच्यासारख्याच प्लास्टिकवर? मग कोटिंग चढवून किती दिवसांनी आणि किती पुसण्यांनंतर? चाचणीच्या नावाशेजारी आयएसओ २२१९६ आहे, की नुसतं 'लॅब टेस्टेड'? प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता याच चाचणीसाठी आहे का? मान्यता असते पण पाण्याच्या तपासणीची, असं दोनदा पाहिलं आहे. '९० दिवस' हा आकडा कुठल्या फेरीतून आला, हे विचारलं की बहुतेक संभाषण 'सरांशी बोलून सांगतो'वर थांबतं. आणि फवारणी असेल तर फवारणारा माणूस मास्क लावून आहे का तेही बघा. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून जाणं संभाव्य कर्ककारक मानलं जातं, आणि त्या माणसाला ते बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या लिफ्टचा स्टिकर तिसऱ्या महिन्यात ओलीने सुटून पडला. बटणं वॉचमनकाका रोज सकाळी साबणाच्या फडक्याने पुसतात, आधीही पुसायचे.

आवराआवर

जिवाणू लागलेलं सगळं, म्हणजे काचा, पिशव्या, प्लेट, पॉलिथिन, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर २० मिनिटं. हायपोक्लोराइट घातलेलं काही त्यात नको. चांदीची द्रावणं सिंकमध्ये ओतू नका. एक तपकिरी बाटली ठेवा, त्यावर 'चांदी' लिहा, त्यात उरलेलं सिल्व्हर नायट्रेट आणि पहिली दोन धुण्याची पाणी ओतत जा. सत्राच्या शेवटी मिठाचं पाणी घातलं की विरघळलेली चांदी पांढरी होऊन खाली बसते. गाळून ती घातक कचरा नेणाऱ्या संस्थेला द्या. या बाटलीत अमोनिया चुकूनही जाऊ देऊ नका. अमोनियात ठेवलेली चांदी सुकल्यावर स्फोटक होते, आणि ही बाटली नेमकी सुट्टीत, कुणी नसताना, सुकत असते.